चादरीचं दुसरं टोक

“तुमचं गाणं लागलंय बघा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि त्याने सवयीने मान खाली घालून थोडं ओशाळं हसू तयार केलं. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे हसू त्याच्या अंगवळणी पडलं होतं. कोणी ओळखलं की आधी ते पुढे करायचं, मग मान वर करायची, मग “अहो, फार जुनं आहे ते” असं काहीतरी म्हणायचं. फिजिओथेरपीच्या त्या दवाखान्यात सात खुर्च्या होत्या, भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र होतं आणि कोपऱ्यात वर टांगलेला टीव्ही आवाज बंद करून चालू होता. टीव्हीवर खरंच त्याचं पहिलं गाणं लागलं होतं. तो उजवा खांदा धरून आला होता. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, वीस वर्षं एकाच बाजूला कॅमेरा पेलून हा खांदा रुसलाय, त्याची समजूत काढायला निदान महिनाभर लागेल. आज चौथा दिवस होता. हसू पूर्ण फुलायच्या आत त्याच्या लक्षात आलं, की मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंशी बोलत होती.

“माझं कसलं गं,” बाई म्हणाल्या, पण पर्समधून चष्मा काढूनही झाला होता. पन्नाशीच्या असतील. डाव्या गुडघ्याला पट्टा, पायाशी घडीची काठी, साडीवर पुरुषी स्वेटर. “तुझ्याच चॅनलला कसं गं रोज हे सापडतं?” “जुनी गाणी लावतात ना, काकू. आता येतील बघा. आल्या.” पडद्यावर एका गच्चीवर एक तरुण बाई ओली चादर पिळत होती. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं पाण्याच्या टाकीमागे गेलेलं. ती मागे रेलून पीळ घालते, तोंड उघडून हसायला लागते, हसता हसता तिच्या हातून टोक सुटतं आणि ती दोन पावलं मागे धडपडते, तरी हसतच असते. आठ सेकंद. हे आठ सेकंद त्याने आयुष्यात किती वेळा पाहिले असतील याला मोजदाद नव्हती. पण आज शेजारच्या बाईंनी अगदी शेवटी बोट वर केलं आणि म्हणाल्या, “तिथे. दिसली बोटं?” “दिसली काकू. रोजच दिसतात,” मुलगी हसून म्हणाली. तेवढ्यात आतून बाईंना हाक आली आणि त्या काठी उघडत, खुर्चीला धरत उठल्या.

कसली बोटं, हे त्याला कळलं नाही. आपल्याच शॉटमध्ये कोणाची बोटं आहेत हे आपल्याला माहीत नसावं, हे त्याला खटकलं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच होती. ती बाई खरी होती. ती कुठेतरी राहत होती, तिला गुडघे होते, ती रोज अकराच्या सुमारास याच दवाखान्यात येत होती. बावीस वर्षं तो तिला “पहिल्या गाण्यातली चादरवाली” म्हणत आला होता. जसं काही तिला त्यानेच बनवलं होतं आणि गाणं संपल्यावर घडी करून ठेवून दिलं होतं.

त्याचा नंबर आला, तर तो म्हणाला, “मागच्यांना जाऊ दे, मी थांबतो.” मुलीला आश्चर्य वाटलं, कारण तीन दिवस तो घड्याळ दाखवून घाई करत होता. खुर्चीत बसून तो टीव्हीकडे बघत राहिला. आवाज नसलेली गाणी बघायची त्याला सवयच होती. त्याचं शिक्षण तसंच झालं होतं, त्याला शिक्षण म्हणायचं तर. चौदा-पंधरा वर्षांचा असताना शाळेतून घरी येताना वाटेत टीव्ही-रेडिओचं एक मोठं दुकान लागायचं. त्याच्या काचेमागे एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असे आणि शेजारच्या टीव्हीत रस्ता दिसे. येणारेजाणारे लोक स्वतःला टीव्हीत बघून थबकत, हात हलवत, केस नीट करत. तो थबकलेल्या लोकांना बघायला थांबे. एखादी बाई स्वतःला ओळखायच्या आधीच्या क्षणी कशी चालत असते आणि ओळखल्यावर कशी चालायला लागते, याच्यातला फरक त्याला रोज बघूनही पुरत नसे. महिनाभराने दुकानातले काका बाहेर आले आणि म्हणाले, “नाकाने काच घाण करतोस ती कोण पुसणार? आत ये.” काकांना कॅमेऱ्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं. त्यांनी त्याच्या हातात माहितीपुस्तक ठेवलं. “हे वाच आणि मला समजावून सांग. गिऱ्हाईक विचारतं आणि मी आपला ‘उत्तम आहे, उत्तम आहे’ म्हणत बसतो.” मग तो रोज एक पान वाचे, डिक्शनरी बघे, आणि काकांना प्रकाश म्हणजे काय, अंतर म्हणजे काय, हे शिकवे. शिकवता शिकवता ते त्याचं त्याला कळत जाई. कॅमेरा तारेने टीव्हीला जोडलेला होता आणि तार होती जेमतेम चार हात. “तार पुरेल तेवढंच फिरायचं,” एवढा एकच नियम काकांनी घातला होता. त्या चार हातांत त्याने दोन वर्षं काढली. पुढे मोठमोठ्या क्रेनवर बसायला मिळालं, तरी शॉट लावताना आपण अजूनही चार हातांच्या बाहेर फारसं जात नाही, असं त्याला वाटे.

घरी हे कोणाला पटणारं नव्हतं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासत. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि मुलाने विजेच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं, ही त्यांना सर्वांत ढोबळ चूक वाटली होती. हिला खूण कुठे करायची हेच त्यांना समजेना. आई एका कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होती. दिवसभर “थांबा, जोडते” म्हणून तिचा घसा बसलेला असे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “रात्री जेवायला घरी असशील?” तो म्हणाला, “असेन.” “मग कर काय करायचं ते.” ही परवानगी होती की काळजी, हे त्याला तेव्हा कळलं नाही. पुढची पाच वर्षं तो लोकांच्या लग्नांची चित्रणं करत होता. आधी कॅमेऱ्यामागे दिवा धरून, मग कॅमेरा धरून, मग एका कोंदट खोलीत दोन मशीन जोडून त्यांची जुळणी, म्हणजे एडिटिंग, करत. हातात हात येतो तो क्षण कापला तर सासरचे भांडायला येतात आणि कापला नाही तर बघणारे झोपतात, एवढं व्याकरण त्याला त्या खोलीत समजलं. वही घेऊन शिकवायला कोणी नव्हतं, पण वाट अडवायलाही कोणी नव्हतं, आणि या दुसऱ्या गोष्टीची किंमत त्याला उशिरा कळली.

ते पहिलं गाणं भोंग्याचं. भोंगा त्याचा शाळेतला मित्र. आवाज एवढा मोठा, की हजेरी देतानाच वर्ग दणाणायचा, म्हणून भोंगा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता, गाणी करायचा, आणि एक दिवस म्हणाला, “गाणं झालंय. चित्र तू कर. तुझ्याशिवाय मला कोणी ओळखीचं नाही, नाहीतर तुला विचारलं नसतं.” शनिवारी सकाळी दोघं भोंग्याच्या इमारतीच्या गच्चीवर चढले. लग्नांची कामं देणाऱ्या मालकाकडून मागून आणलेला कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि एकच टेप. भोंगा चार वेळा गाऊन दमला आणि चहा आणायला खाली गेला. तो एकटाच उरला आणि लेन्स लांब ओढून समोरच्या गच्च्या बघू लागला. कुठे कोणी कपडे वाळत घालत होतं, कुठे कोणी केस पुसत होतं. स्वतःला टीव्हीत न ओळखलेली माणसं, तशीच. एका गच्चीवर दोन बाया होत्या. त्याने तिथे कॅमेरा लावला, बटण दाबलं, आणि तेवढ्यात त्यांतल्या थोरल्या बाईने मान वर करून कपाळावर हात धरून सरळ त्याच्याकडे पाहिलं. सरळ लेन्समध्ये. तिच्या कपाळाला आठ्या होत्या. तो खालच्या खाली कठड्याआड बसला. कॅमेरा तसाच चालू राहिला. आता कोणीतरी पुरुष माणूस ओरडेल, जिना चढून येईल, गचांडी धरेल, अशा भीतीने तो डोळे मिटून, कानशिलं दाबून बसून राहिला. किती वेळ, ते माहीत नाही. भोंगा चहा घेऊन आला तेव्हा म्हणाला, “पोटात दुखतंय का रे?”

हसण्याचे ते आठ सेकंद त्या वेळात आले होते. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. भोंग्यालाही नाही, बायकोलाही नाही. जुळणीच्या खोलीत टेप बघताना तो थोरल्या बाईचा चेहरा आला, की तो बटण दाबून टेप पुढे पळवायचा, शरमेने, आणि एकदम हसण्यापाशी थांबायचा. ते हसणं त्याने उचललं आणि गाण्याच्या मधोमध ठेवलं. गाणं वाहिनीवर लागलं, लोकांनी पुन्हा पुन्हा मागितलं. एका वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, की चादरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे हे न दाखवण्याचं धैर्य या नव्या दिग्दर्शकात आहे. बाबांनी त्या कात्रणातल्या दोन छपाईच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि मग ते पाकिटात घालून ठेवलं. वारले तेव्हा पाकिटात होतं. त्यानंतर कामं येत गेली. साठ-पासष्ट गाणी झाली. सिनेमाच्या शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला सेटवर सगळे मास्तर म्हणायला लागले. मुलाखतीत हटकून प्रश्न यायचा, “मास्तर, तो हसण्याचा क्षण तुम्ही पकडलात कसा?” आणि तो म्हणायचा, “वाट बघितली.” हे तसं खोटं नव्हतं. पण प्रत्येक वेळी ते म्हणताना त्याला आपण कठड्याआड बसलोय असं वाटायचं.

बाई बाहेर आल्या तेव्हा तो उभा राहिला. काय म्हणायचं, हे अर्धा तास घोकूनही जमलं नव्हतं. “ताई, जरा बोलायचं होतं,” तो म्हणाला. “ते गाणं... ते मी केलं होतं.”

बाईंनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. “तुम्ही? मला वाटायचं कोणीतरी उंच असेल.” मग काठीने दाराकडे खूण केली. “बाहेर बसू. इथे ही पोरगी कान टवकारून बसलीय.”

दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा बाक होता. ऊन कोवळं होतं. तो आधी माफी मागायला लागला. न विचारता चित्र घेतलं, चूक झाली, तेव्हा अक्कल नव्हती, पुढे अक्कल आली तेव्हा शोधायची हिंमत झाली नाही. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग हात वर केला, वर्गात बाई करतात तसा. “झालं तुमचं? आता मी सांगते. घरात दणका झाला होता, खोटं कशाला बोलू. सासरे दोन दिवस जेवले नाहीत. थोरले दीर म्हणाले, केस करू. पण जाऊबाईंनी होऊ दिली नाही. म्हणाल्या, केस कशाला? चेहरा तर बरा आलाय.”

“जाऊबाई म्हणजे...”

“दुसरं टोक,” बाई म्हणाल्या. “टाकीमागे त्या होत्या.” समोर एक माणूस स्कूटरला किक मारत होता, ती चालू होईपर्यंत त्या तिकडे बघत राहिल्या. “त्या वर्षी माझं बाळ गेलं होतं. सातव्या महिन्यात. त्यानंतर तीन महिने मी बोललेच नाही. रुसून नाही हो. बोलायला तोंडच उघडायचं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने करून बघितलं आणि सोडून दिलं. जाऊबाईंनी काय केलं, रोज चादरी धुवायला काढल्या. घरात मशीन होतं. तरी रोज बादली घेऊन मला गच्चीवर न्यायच्या. स्वच्छ चादरीसुद्धा धुतल्या आम्ही. शेजारचे म्हणायचे, यांच्याकडे पाहुणे फार येतात वाटतं. मी आपली एक टोक धरायचे, त्या दुसरं. बोलायच्या एकट्याच. त्या दिवशी म्हणाल्या, पीळ नीट, मामंजींचा कान धरलायस असं समज. आणि मी हसले. काय झालं मला कळलंच नाही. तीन महिन्यांनी. टोकच सुटलं हातून.”

त्या हसण्यावर तो किती ठिकाणी किती बोलला होता. मुक्ती म्हटलं होतं, शहराचा श्वास म्हटलं होतं.

“पुढच्या वर्षी त्या गेल्या,” बाई म्हणाल्या. “आजार होता. तुमचं गाणं त्यांनी हॉस्पिटलातल्या टीव्हीवर बघितलं. त्यांचा एकच फोटो आहे घरात, ओळखपत्रावरचा, गुन्हेगारासारखा. हसऱ्या बाईचा असा फोटो. त्यामुळे मी ते गाणं बघते. शेवटी माझ्या हातून टोक सुटतं ना, तेव्हा टाकीच्या कडेने चार बोटं पुढे येतात, चादर धरायला. ती त्यांची. बाकी कुठे हलताना दिसत नाहीत त्या.” मग त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. “तुम्ही गाण्यातून जे कापता, ते फेकून देता का हो?”

टेप फेकली नव्हती, एवढं त्याला नक्की आठवत होतं. पण त्या दिवसांत टेपा पुन्हा पुन्हा वापरायच्या, एकीवर दुसरं चढवायचं, आणि त्या एका टेपेवर नंतर काय चढलं, हे आठवत नव्हतं. तो सरळ आईकडे गेला. आई आता ऐंशीच्या घरात होती, तिचा घसा कायमचा बसला होता, आणि घरातली कुठली वस्तू कुठे आहे, हे तिला बोर्डावरच्या नंबरांसारखं पाठ होतं. “माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या पेटीत. वर तुझी इस्त्री आहे बिघडलेली, ती आधी काढ,” ती म्हणाली. खांदा वर होईना, म्हणून त्याने डाव्या हाताने एकेक करून टेपा खाली आणल्या. आई खाली बसून चष्म्याजवळ धरून लेबलं वाचत होती. “ही कोणाची तरी वरात. ही भोंग्याची. ही...” ती थांबली. “ही यांची साठी.” त्याने टेप हातात घेतली. बाबांच्या साठाव्या वाढदिवसाचं लेबल होतं, त्याच्याच अक्षरात, आणि त्याचा कोपरा उचकटला तर खाली दुसरं लेबल होतं: गच्ची, शनिवार. बाबांच्या वाढदिवसाला घरात दुसरी टेप नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने, आनंदाने, गच्चीवर वाढदिवस चढवला होता.

“काय झालं रे?” आईने विचारलं. त्याने तिला सगळं सांगितलं. बाई, चादर, जाऊबाई. कठड्याआडचं तेवढं सोडून. आई ऐकून म्हणाली, “वाढदिवस किती वेळ चालला होता?” “आठवत नाही.” “मला आठवतं. केक कापला आणि यांना लाजल्यासारखं झालं. मग दिवे गेले. टेप पुरती भरायचं काही कारण नाही.” आणि ती भिंतीला धरून उठली, त्याच्यासाठी चहा टाकायला.

दोन दिवसांनी सकाळी साडेदहाला त्याने बाईंना त्याच्या जुळणीच्या खोलीत बोलावलं. एकट्याने आधी बघून घ्यावं, असं त्याच्या मनात दहा वेळा आलं होतं. कामाची शिस्तही तीच होती. पण टेप जुनी होती, एकदाच चालेल आणि तुटेल, असंही होऊ शकत होतं. आणि पहिला बघणारा आपणच असावं, हा हक्क आपल्याला कुठून आला, हे त्याला सांगता येईना. त्याने जुनं मशीन साफ करून ठेवलं, बाईंसाठी उंच खुर्ची आणली, गुडघा लांब करता यावा म्हणून समोर स्टूल ठेवलं. कॉपी आपोआप होत राहील अशी जोडणी केली आणि टेप लावली.

आधी बाबा आले. नवा सदरा घालून, हातात सुरी घेऊन, केकवरच्या अक्षरांकडे बारीक नजरेने बघत. “वेलांटी चुकलीय,” बाबा म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले. त्याला हे वाक्य आठवतच नव्हतं. “तुमचे वडील?” बाईंनी विचारलं. त्याने मान हलवली. “पुढे पळवू नका,” बाई म्हणाल्या. “बघू दे. घाई नाहीये.” मग त्यांनी बाबांना केक खाताना बघितलं, आईला पदराने त्यांच्या मिशीवरचं क्रीम पुसताना बघितलं. मग पडदा काळा झाला, अंधारात कोणीतरी मेणबत्ती मागितली, आणि एकदम निळं आलं. निळं बराच वेळ राहिलं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. बाईंनी काठी घट्ट धरली होती.

मग गच्ची आली. ऊन, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. आणि थोरली बाई कपाळावर हात धरून सरळ त्यांच्याकडे बघत होती.

शेजारून बाईंचा आवाज आला, शब्द नव्हता. त्याचं बोट सवयीने बटणाकडे गेलं आणि परत आलं. त्याने तो चेहरा पहिल्यांदाच पूर्ण बघितला. आठ्या उन्हाच्या होत्या. उन्हाला हात आडवा धरून ती बघत होती, आणि बघता बघता तिला कळत होतं, की समोर काय आहे. ती चिडली नाही. तिने मान किंचित तिरकी केली. शेजारी धाकटी पाठमोरी, बादलीवर वाकलेली. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळावरचा हात खाली घेतला. मग ती चालत गेली, धाकटीला दंडाला धरून टाकीच्या सावलीतून बाहेर आणलं, उन्हात, मोकळ्यात, काही म्हणाली, तिच्या तोंडावर आलेले केस दोन बोटांनी कानामागे सारले. तिच्या हातात चादरीचं टोक दिलं. आणि दुसरं टोक घेऊन स्वतः टाकीमागे गेली.

यानंतर ते आठ सेकंद होते. तेच. पण ते आठ सेकंदांवर थांबले नाहीत. चार बोटं आली, मग मनगट, मग अख्खी जाऊबाई हसत हसत टाकीमागून बाहेर आली, जमिनीवर पडलेली चादर उचलली आणि तिच्याच ओल्या टोकाने धाकटीचे डोळे पुसायला लागली. मग भोंग्याचा आवाज, चहा, आणि पडदा निळा.

खोलीत मशीनची घरघर होती. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि त्या डोळे पुसत नव्हत्या.

“काय म्हणाल्या त्या तुम्हाला?” त्याने विचारलं. “उन्हात आणताना?”

“तू इकडे उभी राहा, तिकडे गारठा आहे.” बाईंनी चष्मा पुन्हा लावला. “मला वाटलं, माझी काळजी घेतायत.”

“घेतच होत्या,” तो म्हणाला.

“त्यांना माहीत होतं. तुम्ही दिसलात त्यांना. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी हसले नसते.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “आणि तो श्वास कोणाचा हो? सगळ्या वेळ कोणीतरी धापा टाकतंय त्यात.”

त्यालाही तो ऐकू आला होता. चित्रावर भोंग्याचा आवाज चढवताना त्याने गच्चीवरचा सगळा आवाज काढून टाकला होता, त्यामुळे बावीस वर्षांत हा श्वास कोणी ऐकला नव्हता. चोवीस वर्षांच्या घाबरलेल्या माणसाचा श्वास, कॅमेऱ्याच्या पायाशी.

“माझा,” तो म्हणाला. “त्यांनी बघितलं आणि मी कठड्याआड बसलो. डोळे मिटून. ते हसणं मी घेतलंच नाही, ताई. मी तिथे नव्हतो. लोक मला विचारतात कसं पकडलं, आणि मी काहीबाही सांगतो.” बोलून झाल्यावर त्याला जाणवलं, की आपला खांदा इतका वेळ वर चढलेला होता आणि आता खाली आलाय.

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, आणि तो हलताना त्याने इतक्या वेळा, इतक्या मोठ्या पडद्यांवर बघितला होता, की पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. त्या हसल्या. आवाज त्याने कधी ऐकला नव्हता; जाडसर होता, मधेच अडकणारा. “म्हणजे तुम्ही खाली बसलेले,” त्या म्हणाल्या, “मी पाठमोरी, आणि सगळं एकट्या बाईने केलं.”

“एकट्या बाईने,” तो म्हणाला. त्याला दुकानातले काका आठवले, तार पुरेल तेवढंच फिर म्हणणारे. आई, बाबा, पुढे येऊन “तूच कर” म्हणणारा भोंगा. त्याला कोणी शिकवलं नाही, असं तो सगळीकडे सांगत आला होता, आणि लोकांना ते आवडायचंही. आता यापुढे ते तोंडातून निघणार नव्हतं. समोरच्या गच्चीवरून एका बाईने त्याला एकदा नीट बघून घेतलं होतं, हा पोरगा काय करतोय ते ओळखलं होतं, आणि ऊन कुठे आहे, कोणी पुढे उभं राहायचं आणि कोणी मागे, हे दाखवून दिलं होतं. त्याने बघितलं नव्हतं, एवढंच.

“नाव काय त्यांचं?” त्याने विचारलं. बाईंनी सांगितलं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं आणि वेलांटी बरोबर आहे ना, म्हणून कागद त्यांच्यापुढे धरला. बाईंनी ते नाव वाचलं, मान हलवली.

“परत लावू?” तो म्हणाला.

“लावा. पण या वेळी मला नका बघू, त्यांना बघा,” बाई म्हणाल्या, आणि स्टूलवरचा पाय खाली घेऊन खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.